बाळंतिणीची रजा

माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा सरकार ग्वाल्हेरात होतं. हे आता सांगितलं तर घरातल्या मुलांना गंमत वाटते, पण मध्यभारताच्या त्या वर्षांत तसंच होतं. संस्थानं विलीन झाली, राजधानी इंदूरला हवी आणि ग्वाल्हेरलाही हवी, म्हणून तोडगा काढला. हिवाळ्यात सरकार तिकडे, उन्हाळ्यात इकडे. आणि सरकार म्हणजे काही नुसते मंत्री नव्हेत. फायलींच्या पेट्या, टाइपरायटर, चपराशी आणि आमच्या यांच्यासारखे कारकून, असा सगळा लवाजमा दरसाल हलायचा. दिवाळी उरकली की हे वळकटी बांधायला घ्यायचे. मागे इंदुरात मी आणि सासूबाई उरायचो. चिमणबागेच्या मागच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं.

मी मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते. लग्नाआधी संस्थानच्या काळातच लागले होते. विलीनीकरणानंतर कोण कायम आणि कोण हंगामी याचा घोळ वरती चालू होता आणि तो काही केल्या मिटत नव्हता. त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा मी कागदावर हंगामीच होते. पगारी रजा फक्त कायम नोकरीतल्या बायकांना. हंगामी बाईनं बाळंतपणासाठी नोकरी सोडायची आणि नंतर जागा असली तर परत अर्ज करायचा, अशी रीत होती. माझ्याआधी दोघींनी तसंच केलं होतं. त्यातली एक परत आलीच नाही.

आमच्या मुख्याध्यापिकेला सगळ्या शाळेत मोठ्या बाई म्हणत. पांढरं नेसायच्या, कपाळ मोकळं, आवाज खर्जातला. फार लहानपणी विधवा झाल्या होत्या आणि शिकल्या होत्या. माझं पोट दिसू लागल्यावर एक दिवस त्यांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता जायला सांगणार. त्यांनी विचारलं, "कितवा?"

"सहावा सरतोय."

"रजेचा अर्ज लिही."

"पण बाई, मी तर हंगामी..."

"अर्ज तुझा. पुढचं माझ्याकडे."

त्या शिक्षण खात्याच्या कचेरीत किती खेपा घालून आल्या मला माहीत नाही. एका खेपेला मी बरोबर होते. तिथला बाबू म्हणाला, "बाईजी, ये तो टेंपरेरी हैं." मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नोकरी टेंपररी आहे. पोट टेंपररी नाहीये. साहेबांना विचारून या, मी बसते." आणि खरंच बसल्या. बाकावर, छत्री मांडीवर आडवी ठेवून. बाबू दोनदा आत-बाहेर करून गेला, त्याला चहा आला, त्यानं तो प्यायला, तरी ह्या बसलेल्या. शेवटी साहेबांनीच आत बोलावलं.

रजा मंजूर झाली. पगारासकट. बाळंतपणाआधी थोडी आणि नंतर सव्वा महिना उलटून वर काही दिवस उरतील इतकी. सासूबाईंना ते कितीतरी वेळ खरंच वाटेना. "घरी बसून पगार? बाळंत व्हायचा?" त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं आणि मग सगळ्या गल्लीला सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः टांगा करून सियागंजात गेल्या आणि डिंक, खारीक, बदाम, हळीव, सुंठ, सगळं जोखून घेऊन आल्या. एरवी पै-पै जपणारी बाई. म्हणाल्या, "सरकार देतंय तर आपण कशाला हात आखडता घ्यायचा?"

मुलगा झाला. घरीच झाला. सुईण रोजच्या ओळखीची होती, तिनं आमच्या गल्लीतली अर्धी बाळंतपणं केली होती. कडाक्याची थंडी होती. खाटेखाली शेगडी, दाराला गोधडी लावलेली, खोलीभर शोपा-ओव्याच्या धुरीचा वास. तो वास मला अजून कुठं आला तर मी तिथून उठून जाते.

पोर छान होतं. ओढून प्यायचं. पाचवी पुजली. त्यानंतर एका सकाळी त्यानं तोंड उघडलं नाही. मी बोटानं ओठ उघडायला गेले तर जबडा घट्ट. मग अंग ताठ होऊ लागलं, पाठीची कमान व्हायची आणि जरा कुणी भांडं आपटलं तरी झटका यायचा. वैद्य आले, डॉक्टर आले. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सासूबाईंना बाहेर नेलं. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांनी दाराची गोधडी काढून टाकली, म्हणजे उजेड आत येईल. एवढंच केलं. दोन रात्री काढल्या त्यानं. बारसं व्हायचं होतं, त्याला नावही नव्हतं.

यांना तार गेली होती, पोर आजारी पडलं तेव्हाच. हे पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. दारात पायताण काढताना यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. मग मला रात्री सांगत होते, तार मिळाल्याबरोबर अर्ज नेला, तर साहेब हसून म्हणाले, "बाळंतीण तुम्ही आहात का हो?" अधिवेशनाचं काम होतं. कुणाला सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सही केली, मग गाडी, मग उज्जैनला गाडी बदलायची. हे पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, कुठल्या स्टेशनवर गाडी किती थांबली ते. मी ऐकत होते. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "कोणासारखा दिसायचा?"

मी त्याला इतकं जवळून पाहिलं होतं, पण कोणासारखा, हे मी अजून ठरवलंच नव्हतं. सासूबाई पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या, "कपाळ तुझं होतं. हात हिचे."

हे चार दिवस राहून ग्वाल्हेरला परत गेले.

हे गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, ती उठून बसले. त्यांनी सांत्वनाचं काही बोलणं केलं नाही. त्यांना ते येतच नसावं. मी म्हणाले, "बाई, मी शाळेत येते. आता रजा कशाला? घरात बसवत नाही मला."

"नाही."

"पण ज्यासाठी रजा होती, तोच..."

"रजा पोराची नसते, बाळंतिणीची असते," त्या म्हणाल्या. "तुझं अंग अजून भरून आलेलं नाही. आज तू रजा सोडलीस तर उद्या खातं दुसरीला म्हणेल, ती आली होती, तुम्हीही या. पूर्ण घे. झोप. खा."

तर अशी मी रजेवर राहिले. बाळंतिणीचं सगळं चालू होतं, फक्त पोर नव्हतं. सासूबाई सकाळी तेल लावून अंग शेकायच्या, कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या, हळिवाची खीर समोर ठेवायच्या. डिंकाचे लाडू पोर जायच्या आधीच वळून झाले होते, ते टाकायचे थोडेच? रोज एक हातात द्यायच्या आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहायच्या. त्यात दूध आटेना. सुईणीनं कापडानं घट्ट बांधून दिलं, तरी चोळी भिजायची, ताप चढायचा. मी वाटीत पिळून काढायची आणि सासूबाई ती वाटी पदराआड झाकून मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून यायच्या.

आमच्या घराच्या मागे एक बाखळ होती. एकाला एक लागून दहा-बारा खोल्या आणि समोर फरसबंदी अंगण. तिथं गिरणीत जाणारी मंडळी राहायची. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीतून रोज सकाळी एका तान्ह्या मुलाचं रडणं यायचं. गिरणीचा पहिला भोंगा झाला की थोड्या वेळात सुरू व्हायचं आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत चालायचं. ते ऐकलं की माझी छाती ठणकायची. सासूबाईंनी मागची खिडकी लावून घेतली. त्यानं आवाज कमी व्हायचा, थांबायचा नाही.

मग एकेका दिवशी ते रडणं मध्येच, एकदम बंद व्हायला लागलं. मूल रडून रडून थकतं तसं नाही, हळूहळू उतरत नाही, कुणी दार लावावं तसं. एकदा दोनदा मी ऐकलं. पुढच्या दिवशी तसंच झालं तेव्हा मी उठले, डोक्याला रुमाल बांधला आणि मागच्या दारानं बाखळीत गेले. सव्वा महिना व्हायचा होता. सासूबाई मागून हाका मारत होत्या.

खोलीत एक म्हातारी बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर बोटभर पोर. मुलगी. डोळे अर्धे उघडे आणि बुबुळं वर गेलेली. मी घाबरून म्हणाले, "आजी, काय झालं हिला?"

"कोण, मास्तरीणबाई का? काही नाही हो. सोयी है. इतकीशी दिली." तिनं करंगळीचं टोक दाखवलं.

"काय दिलं?"

"अफीम. और काय देणार? गिरणीवाल्या सगळ्या देतात. हिची आई संध्याकाळी येईल तोपर्यंत मी काय पाजू हिला, सांगा?"

मालव्यात अफूची कमी नव्हती. शेताशेतांत पिकायची आणि घराघरांत थोडी असायची. लहान मुलांना देतात हे मीही ऐकून होते. पण ती बुबुळं मी पाहिली नव्हती.

मी मुलीला मांडीवर घेतलं. गालावर टिचक्या मारल्या, तळवे चोळले. कितीतरी वेळानं तिनं डोळे मिटले आणि उघडले. मी म्हातारीकडे पाठ करून बसले आणि मुलीला छातीशी धरलं. आधी ती ओढेना, दूध नुसतं ओठांवरून ओघळत होतं. मग तिला समजलं. मग तिनं असं धरलं की मला एक हात भिंतीला टेकावा लागला. म्हातारीला दिसत नव्हतं पण आवाजावरून कळलं. ती "हौ... हौ..." म्हणत स्वतःशीच मान हलवत राहिली.

घरी आले तेव्हा सासूबाई दारात. "कुठं गेली होतीस? ओल्या अंगाची बाई, वारा लागेल." मग त्यांनी माझ्या चोळीकडे पाहिलं. मी सांगितलं. त्या खूप वेळ तांदूळ निवडत बसल्या. मला वाटलं आता जात निघेल, सोवळं निघेल. शेवटी म्हणाल्या, "तू बाहेर पडू नकोस. मी आणीन तिला."

आणि रोज त्याच आणायच्या. शालीत गुंडाळून, मागच्या दारानं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मुलगी पीत असली की त्या खोलीत थांबत नसत. एकदा मात्र मी पाहिलं, दाराच्या फटीतून बघत होत्या आणि हाताची मूठ तोंडावर धरली होती.

म्हातारीचा नवरा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होता, मुलगाही त्याच फौजेत लागला. संस्थान गेलं, फौज मोडली. मुलगा आता सडकेच्या ठेकेदाराकडे कामाला लागून कुठे कुठे हिंडत होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घर चालायचं ते सुनेच्या गिरणीवर. ती सूत गुंडाळायच्या खात्यात होती, पण बदलीवाली. बदलीवाली म्हणजे रोज सकाळी फाटकावर जाऊन उभं राहायचं. आतली कायम बाई त्या दिवशी आली नाही तर तिच्या जागी हिला घेणार, नाहीतर परत घरी. चार दिवस फाटकावर दिसली नाही तर नाव यादीत खाली जायचं. म्हणून ती बाळंत झाली आणि दहा-बारा दिवसांत पोटाला पट्टा बांधून फाटकावर उभी राहिली.

हे सगळं मला म्हातारीकडून कळत होतं. मुलीच्या आईला मी धड पाहिलंही नव्हतं. ती अंधारात जायची आणि अंधारात यायची. सासूनं तिला काही सांगितलं नव्हतं. पण ती आई होती, तिला कळायला कितीसा वेळ लागणार? एक दिवस मुलगी आली तेव्हा तिच्या गालावर, कपाळावर, दोन्ही तळपायांवर काजळाच्या मोठमोठ्या तिटा होत्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. मला कळलं की आईला कळलंय. जिचं पोर गेलं तिच्या मांडीवर आपलं पोर. मला राग नाही आला. मीही कदाचित तेच केलं असतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती आली. माझ्याच वयाची होती, केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. दारातच उभी राहिली.

"बाई, एक विचारू?"

"अगं, आत ये ना."

"नको, कपडे खराब आहेत. तुमची रजा कधी सरते?"

मी सांगितलं. तिनं मनात हिशोब केला असावा.

"तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा सासूनं सांगितलं मला, अफीम देत नाही आता. पण संध्याकाळी मी घेते तर ही माझ्याकडून तोंड फिरवते. पोट भरलेलं असतं. माझं दूध कमी होतंय, बाई. तुम्ही शाळेत जाल. मग हिला दिवसाची आदत पडलेली आणि माझ्याकडे काही उरलेलं नाही. तेव्हा मी काय करू?"

मी इतके दिवस एवढंच बघत होते की मुलगी पिते आहे आणि छाती हलकी होते आहे. पुढचं मी पाहिलंच नव्हतं.

मी म्हणाले, "गिरणीत पण रजा असते ना बाळंतपणाची? कायदा आहे म्हणतात."

"आहे की. माझ्या शेजारणीला मिळाली. घरी बसून पैसे मिळाले तिला. आणि आत पाळणाघर पण आहे, आया आहे, मध्ये जाऊन पाजता येतं. पण ते कायमवालींना."

"तू विचारलंस का कधी?"

ती हसली. "मी कोणाला विचारणार?"

तेव्हा मला मोठ्या बाई आठवल्या, बाकावर बसलेल्या. मी म्हणाले, मी येते तुझ्याबरोबर. सव्वा महिना नुकताच झाला होता, बाहेर पडायला हरकत नव्हती. ती नको नको म्हणत होती, पण मी ऐकलं नाही.

गिरणीच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "देखिए बहनजी, नियम में लगातार हाजिरी चाहिए. बदलीवाली की हाजिरी जुड़ती नहीं है."

"पण ही दोन वर्षं येते आहे. रोज फाटकावर असते."

"फाटक पे खड़े रहने की हाजिरी नहीं लगती, बहनजी."

"मग मूल झालं तर तिनं काय करायचं?"

"वो मैं कैसे बताऊँ?" तो म्हणाला, आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं. मी मोठ्या बाईंसारखी बसून राहायचं ठरवलं. साहेबांना भेटते म्हणाले. तो म्हणाला साहेब बाहेरगावी आहेत. मी म्हणाले, मी थांबते. पण ही माझ्या मागे उभी होती, तिनं माझा पदर ओढला. हळूच म्हणाली, "चला बाई. नाव ध्यानात राहील त्यांच्या."

बाहेर आलो. फाटकावरच्या बायका केव्हाच आत गेल्या होत्या. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. मी तिला तो देऊ केला, तिनं घेतला नाही. बाखळीच्या तोंडाशी ती म्हणाली, "तुमची रजा आहे तोवर पाजा. तितके दिवस तरी भरेल ती."

त्या दिवसापासून तिटा बारीक झाल्या.

माझी रजा संपली आणि मी शाळेत गेले. पहिल्याच दिवशी तिसरीच्या वर्गात मुली पाढे म्हणत होत्या आणि माझी चोळी भिजली. मी पदर ओढून घेतला. मोठ्या बाई व्हरांड्यातून जात होत्या, त्यांनी पाहिलं. त्यांनी मला खोलीत बोलावून विचारलं तेव्हा मी बाखळीतलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मधल्या सुट्टीला लागून तुझा तास असतो तो मी घेते. जाऊन येत जा."

काही आठवडे तसं चाललं. मी जवळजवळ धावत घरी यायची, सासूबाई मुलीला घेऊन तयार असायच्या, मी उभ्या उभ्या पाणी प्यायची आणि परत. पण एका वेळच्या पाजण्यावर दूध टिकलं नाही. हळूहळू आटलं. आटावं म्हणून सुरुवातीला किती उपाय केले होते, आणि आता नको तेव्हा आटलं. सासूबाईंनी मला पुन्हा खीर द्यायला सुरुवात केली, मेथ्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. मुलीला शेळीचं दूध सुरू केलं, पाणी घालून. त्यात उन्हं तापू लागली. मुलीचं पोट बिघडलं, डोळे खोल गेले. दोन दिवस तिची आई गिरणीत गेली नाही. आणि तिसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत घरी आले तर सासूबाई रिकाम्या हातांनी दारात उभ्या.

"गेली," त्या म्हणाल्या. मी काय समजले ते त्यांच्या लक्षात आलं तशा त्या घाईनं म्हणाल्या, "नाही गं, तसं नाही. गावी गेले. तिच्या माहेरी, सांवेरकडे. तिचा भाऊ आला होता न्यायला. म्हातारीही गेली. गिरणी सोडली म्हणे."

मी मागच्या दारात जाऊन पाहिलं. खोलीला कुलूप होतं. दोरीवर एक लंगोट राहून गेला होता.

त्यानंतर बरेच दिवस सासूबाई दुपारी मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या आणि मग काही काम नसल्यासारख्या परत यायच्या. सरकार उन्हाळ्याचं इंदुरात आलं, हे घरी आले. गच्चीवर झोपायला गेलो की हे आकाशाकडे बघत विचारायचे, त्या मुलीचं काही कळलं का. काही कळलं नव्हतं. ती जगली की नाही हेसुद्धा माहीत नव्हतं. सांवेर काही फार लांब नाही. पण गावाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायला जायची भीती वाटत होती.

मोठ्या बाईंनी माझ्या नोकरीचं काम सोडलं नव्हतं. मी कायम झाले ते त्या निवृत्त व्हायच्या थोडं आधी. पुढे मला दुसरा मुलगा झाला, तेव्हा मी दवाखान्यात गेले, आणि रजेसाठी कुणाला बाकावर बसावं लागलं नाही. नव्या मध्यप्रदेशाच्या, भोपाळच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. हे चिंतेत होते, आता कचेरी कायमचीच तिकडे जाणार म्हणून.

त्याच सुमारास एका दुपारी दार वाजलं. बाहेर ती उभी, डोक्यावर गाठोडं, आणि लुगड्याच्या निऱ्यांना धरून एक चार-पाच वर्षांची मुलगी. बाजाराला आली होती, सांवेरच्या बसला अवकाश होता. वाळली होती, काळवंडली होती, केसांत कापूस नव्हता आता. मी मुलीकडे बघत राहिले. सडपातळ, मोठ्या कानांची, नाकात चमकी.

"ही तीच," ती म्हणाली. "हिला म्हटलं, चल, तुला दाखवते."

मी हात पुढे केले. मुलगी आईच्या मागे गेली. आई म्हणाली, "जा ना, अगं. लहानपणी ह्यांच्याजवळच असायचीस." पण ती काही आली नाही. मी कोण, हे तिला कसं कळणार? सासूबाई आतून काठी टेकत आल्या, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तो मात्र तिनं घेतला.

पाळण्यात माझा मुलगा झोपला होता. तिनं वाकून त्याला पाहिलं. विचारलं, "रजा मिळाली या वेळी?"

"मिळाली. तुला? आणखी काही?"

"एक मुलगा झाला होता, हिच्या पाठचा," ती म्हणाली. "गहूच असतो आमच्याकडे. कापणी चालू होती. झाडाला झोळी बांधून ठेवला होता. ऊन फिरलं, झोळीवर आलं, मला कळलंच नाही." ती गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधत होती. "शेतात कोण देतो, बाई, रजा?"

सासूबाई काठी ठेवून खाली बसल्या. मी तिला पाणी दिलं, तिनं घटाघटा प्यायलं, उरलेलं मुलीला दिलं. थोडं थांब म्हटलं, जेवून जा म्हटलं. बस चुकेल म्हणाली. मुलगी तिचं बोट धरून निघाली आणि गल्लीच्या वळणावर एकदाच मागे वळून तिनं पाहिलं, गुळाचा खडा गालात होता.

त्यानंतर त्या दोघी मला कधी भेटल्या नाहीत. सासूबाई बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून होत्या. मग पाळण्यातला जागा झाला, आणि मी त्याला पाजायला घेतलं.